कोकणातून गंगेकाठी: दुसऱ्या बाजीरावांनी कुटुंबकबिल्यासह उत्तरेची वाट धरली, त्या प्रवासाची गोष्ट

दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो. पर्यटक लिलाव बघतात, समोर पाण्यात उभ्या असलेल्या सुवर्णदुर्गाचे फोटो काढतात आणि जेवायला निघून जातात. हा किल्ला म्हटला की आपल्याला कान्होजी आंग्रे आठवतात, मराठ्यांचं आरमार आठवतं.

पण १८०२ च्या अखेरीस याच किल्ल्याच्या आसऱ्याला पुण्याहून पळून आलेला एक माणूस थांबला होता. तो साधासुधा माणूस नव्हता. तो मराठी राज्याचा पेशवा होता. दुसरे बाजीराव.

शाळेच्या पुस्तकात त्यांचं काम दोन ओळींत आटोपतं. वसईचा तह केला, पेशवाई बुडवली. गावाकडे तर त्यांना थेट पळपुटा बाजीराव म्हणतात. पण त्यांच्या आयुष्यातला एक मोठा प्रवास मात्र फारसा कुणी सांगत नाही. १८१८ च्या जूनमध्ये ते बायका, नातेवाईक, नोकरचाकर, भटभिक्षुक, शिपाई असं सगळं लटांबर घेऊन उत्तरेला निघाले. आठेक महिन्यांनी कानपूरजवळच्या बिठूरला पोचले. पुन्हा कधीही दक्षिणेत पाऊल ठेवायचं नाही, या अटीवर.

या प्रवासाने एका कुटुंबाचं घर बदललं, एवढंच झालं नाही. नानासाहेब, तात्या टोपे आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई ही तिन्ही नावं उत्तर भारताच्या इतिहासात कशी पोचली, याचं उत्तर याच वाटेवर सापडतं. आणि निघण्याआधी झालेल्या करारातला एक मुद्दा मोकळा राहिला, त्याची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागली.

ती गोष्ट नीट समजून घेऊ.

मूळ कोकणातलं, जन्म मात्र वाटेत

पेशव्यांचं भट घराणं मूळचं श्रीवर्धनचं. तिथली देशमुखी त्यांच्याकडे होती. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसलं आणि बाळाजी विश्वनाथांना कोकण सोडून घाटावर यावं लागलं. १७१३ मध्ये ते पेशवे झाले. म्हणजे या घराण्याची सुरुवातच मुळी घर सोडून निघण्यापासून झाली होती.

पुढच्या चार पिढ्यांत हे घराणं पुण्यात रुजलं. शनिवारवाडा उभा राहिला, मराठी फौजा अटकेपर्यंत जाऊन आल्या. मग पानिपत झालं आणि त्यानंतर घरातच भांडण लागलं. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये शनिवारवाड्यात खून झाला. संशयाची सुई चुलते रघुनाथराव आणि चुलती आनंदीबाई यांच्याकडे वळली. रघुनाथराव पुणं सोडून इंग्रजांच्या आश्रयाला निघाले. आनंदीबाई तेव्हा गरोदर होत्या. त्यांना माळव्यात धारच्या किल्ल्यात ठेवण्यात आलं.

तिथे १० जानेवारी १७७५ ला बाजीरावांचा जन्म झाला. वडील परागंदा, आई परक्याच्या किल्ल्यात.

रघुनाथराव १७८३ मध्ये कोपरगावला वारले. धाकटा भाऊ चिमाजीआप्पा त्यानंतर जन्मला. अमृतराव हा दत्तक घेतलेला थोरला भाऊ होता. आनंदीबाई आणि ही तीन मुलं पुण्याच्या कारभाऱ्यांच्या, म्हणजे नाना फडणवीसांच्या, नजरेखालीच राहिली. कधी कोपरगाव, कधी नाशिकजवळचं आनंदवल्ली. १७९४ मध्ये आनंदीबाई गेल्या आणि मुलांची रवानगी जुन्नरला शिवनेरीवर झाली. किल्ला शिवरायांच्या जन्माचा असला, तरी या भावांसाठी ती कैदच होती.

थोडक्यात काय, तर एकोणीस वर्षांच्या बाजीरावांना तोवर स्वतःचं म्हणावं असं घर माहीतच नव्हतं.

गादी मिळाली, पण पाय टेकले नाहीत

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडून वारले. त्यांना मूल नव्हतं. मग वर्षभर कारस्थानांचा असा काही गोंधळ चालला की आधी धाकट्या चिमाजीआप्पांना गादीवर बसवलं गेलं आणि नंतर, डिसेंबर १७९६ मध्ये, बाजीराव पेशवे झाले.

मार्च १८०० मध्ये नाना फडणवीस गेले. राज्य सांभाळणारा शेवटचा मुरब्बी माणूस संपला. दौलतराव शिंदे आणि यशवंतराव होळकर यांच्यात चुरस होती, पेशवे शिंद्यांच्या बाजूला झुकलेले होते. एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावांनी यशवंतरावांचा भाऊ विठोजी होळकर याला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. ही चूक त्यांना फार महागात पडली.

यशवंतराव चालून आले. २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, हडपसरला लढाई झाली आणि पेशवे-शिंद्यांची फौज हरली. बाजीराव आधी सिंहगडावर गेले, तिथून घाट उतरून रायगड, महाड आणि मग सुवर्णदुर्ग. ज्या कोकणातून पणजोबा घाटावर चढले होते, त्याच कोकणात ते जीव वाचवायला उतरले.

पण सुवर्णदुर्गातही त्यांना निश्चिंत वाटेना. मागावर होळकरांची माणसं होती. अखेर इंग्रजांच्या मदतीने ते समुद्रमार्गे रेवदंड्याला आणि तिथून वसईला गेले. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला. इंग्रजांची सहा पलटणींची तैनाती फौज बाळगायची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख द्यायचा आणि परराष्ट्र व्यवहार इंग्रजांना विचारून करायचे. मे १८०३ मध्ये इंग्रज फौजेच्या पहाऱ्यात बाजीराव पुण्यात परतले.

पुढची चौदा वर्षं ते पुण्यातच होते. या काळात त्यांनी वाडे बांधले, रमणे भरवून दक्षिणा वाटली. दुसरीकडे मामलती बोली लावून विकल्या. जो जास्त पैसे देईल त्याला वसुलीचा हक्क, आणि त्याने ते पैसे रयतेकडून पिळून काढायचे. जातीपातीचे निर्बंधही कडक होते. म्हणून पुढे पेशवाई बुडाली तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला, असं समजण्याचं कारण नाही. बऱ्याच लोकांना सुटल्यासारखं वाटलं.

सात महिन्यांची धावपळ

१८१५ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. इंग्रजांनी बाजीरावांचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याला जबाबदार धरून ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं. तो तिथून निसटला. संबंध बिघडत गेले आणि जून १८१७ मध्ये बाजीरावांवर आणखी एक जाचक तह लादला गेला.

आता मात्र त्यांनी लढायचं ठरवलं. ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशव्यांच्या माणसांनी संगमावरची इंग्रज रेसिडेन्सी जाळली आणि खडकीची लढाई झाली. बाजीरावांनी ती पर्वतीवरून पाहिली. पुढच्या बारा दिवसांत पुणं हातचं गेलं. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं.

इथून सात महिने बाजीराव सतत घोड्यावर होते. साताऱ्याच्या बाजूला जाऊन त्यांनी छत्रपती प्रतापसिंह आणि त्यांच्या घरच्यांना सोबत घेतलं. पंढरपूर, जुन्नर असं फिरत ते पुन्हा पुण्याकडे वळले. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमाची लढाई झाली. मग ते कर्नाटकात उतरले, परत सोलापूरकडे आले. २० फेब्रुवारीला आष्टीला सेनापती बापू गोखले लढता लढता पडले. छत्रपती इंग्रजांच्या हाती गेले. बाजीराव तिथूनही निसटले.

नाशिकच्या बाजूने फिरून ते पूर्वेला वऱ्हाडात गेले. नागपूरचे आप्पासाहेब भोसले मदत करतील अशी आशा होती, पण इंग्रजांनी त्यांनाच आधी पकडलं. १७ एप्रिलला शिवणीला पुन्हा मार खाल्ला आणि उरलंसुरलं सैन्य घेऊन बाजीराव बुऱ्हाणपूरच्या वर, असीरगडाजवळच्या धोळकोटला येऊन थांबले.

इकडे घरच्यांचीही फरफट चालली होती. त्यांच्या पत्नी वाराणसीबाई रायगडावर होत्या. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी रायगडावर तोफांचा मारा केला, गडावरच्या इमारती पेटल्या. गड पडल्यावर वाराणसीबाईंना सुखरूप बाहेर जाऊ देण्यात आलं. नवरा खानदेशाच्या पलीकडे डोंगरात, बायको कोकणच्या गडावर आणि मधला सगळा मुलूख इंग्रजांचा. अशी त्या घराची अवस्था होती.

खेरीच्या छावणीत काय ठरलं?

समोर इंग्रज अधिकारी जॉन माल्कम होते. त्यांना लढाई लांबवायची नव्हती. पावसाळा तोंडावर होता, असीरगड जवळ होता आणि बाजीराव त्या गडात शिरले असते, तर वेढा महिनोन्महिने चालला असता.

धोळकोटजवळच्या खेरी गावी १ जूनला दोघांची भेट झाली. माल्कम यांनी अटी पुढे ठेवल्या आणि विचार करायला जेमतेम एक दिवस दिला. अटी साधारण अशा होत्या.

बाजीरावांनी स्वतःसाठी आणि वारसांसाठी राज्यावरचे सगळे हक्क सोडायचे. कुटुंब आणि मोजके लोक घेऊन लगेच इंग्रज छावणीत यायचं. तिथून काशी किंवा उत्तरेतल्या अशाच एखाद्या तीर्थक्षेत्री राहायला जायचं. दक्षिणेत परत यायचं नाही, घरातल्या कुणीही नाही. त्याबदल्यात त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला दरसाल किमान आठ लाख रुपयांचा तनखा मिळेल.

३ जून १८१८ ला बाजीराव छावणीत दाखल झाले.

आता यातला नेमका मुद्दा लक्षात ठेवा. तनखा बाजीरावांना आणि त्यांच्या कुटुंबाला, असं ठरलं होतं. पण बाजीराव गेल्यावर तो कुटुंबाला चालू राहणार की नाही, हे कुठेच स्पष्ट नव्हतं. त्या घाईत ते कुणी विचारलं नाही, किंवा विचारायची सोय नव्हती. हाच मुद्दा तेहेतीस वर्षांनी उकरून निघणार होता.

गंमत म्हणजे आठ लाख हा आकडा माल्कम यांच्या वरिष्ठांनाच खटकला. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांना ही रक्कम फार वाटली. पण शब्द देऊन झाला होता. आणि बाजीराव किती जगतील, असाही एक हिशेब होता. ते ४३ वर्षांचे होते. पुढे आणखी तेहेतीस वर्षं जगतील असं तेव्हा कुणाला वाटलं नसावं.

पगारासाठी तंबूला वेढा

निघाल्यावर पहिल्याच आठवड्यात मोठं संकट आलं, तेही इंग्रजांकडून नाही.

शरण येताना बाजीरावांसोबत काही हजार स्वार आणि पायदळ होतं. त्यात अरब शिपाई होते. पेशव्यांच्या फौजेतले हे अरब फार चिवट लढवय्ये म्हणून ओळखले जायचे. त्यांचा पगार थकला होता. आता धनीच राज्य सोडून चाललाय म्हटल्यावर त्यांना थकबाकीची काळजी लागली. त्यांनी बाजीरावांच्या तंबूला गराडा घातला आणि पैसे मिळाल्याशिवाय हलू देणार नाही म्हणून अडून बसले.

बाजीराव घाबरले. कालपर्यंत ज्यांच्या तलवारीवर विसंबून इंग्रजांपासून पळायचं, त्यांच्यापासून सोडवायला आज इंग्रजांनाच बोलवावं लागलं. माल्कम फौज घेऊन आले, पण त्यांनी गोळी चालू दिली नाही. देणी चुकती करण्याचं आश्वासन दिलं, जमादारांची समजूत घातली आणि अरब बाजूला झाले.

राज्य गेल्यावर काय होतं, हे खडकीपेक्षा या प्रसंगात जास्त कळतं. राजाकडे सैन्य असतं ते पगाराच्या भरवशावर. तो भरवसा संपला की तंबूभोवतीचे पहारेकरीच वसुलीला बसतात.

यानंतर काफिला हळूहळू पातळ होत गेला. बरेच शिपाई हिशेब करून आपापल्या गावी परतले. जे राहिले, ते घरचे, जुने आश्रित, आणि ज्यांना मागे जाऊन काही उरलं नव्हतं असे लोक.

नर्मदा ओलांडली

जूनच्या मध्यात पावसाच्या तोंडावर काफिला नर्मदेपलीकडे गेला. मराठी माणसासाठी नर्मदा ओलांडणं नवं नव्हतं. पेशव्यांचेच पूर्वज फौजा घेऊन याच वाटेने उत्तरेत जात आले होते. थोरल्या बाजीरावांचा तर मृत्यूही नर्मदेकाठी, रावेरखेडीला झाला. फरक इतकाच की ते लोक परत येण्यासाठी जात होते.

माल्कम यांनी पुढे काफिल्याची जबाबदारी जॉन लो या तरुण अधिकाऱ्याकडे सोपवली. लो हे सोबतीला होते, पहाऱ्याला होते आणि वरिष्ठांना खबरी पाठवायलाही होते. माळव्यातून राजपुतान्यात आणि तिथून पूर्वेला वळून मथुरेकडे, असा हा मार्ग होता. असीरगडापासून बिठूर सरळ रेषेतच सुमारे ७०० किलोमीटर पडतं. हा वळसा धरला तर अंतर त्याहून कितीतरी जास्त भरतं.

त्या काळात असा प्रवास म्हणजे काय होता, हे आज गाडीत बसून मुंबई-गोवा महामार्गाला नावं ठेवणाऱ्या आपल्याला कळणं अवघड आहे. बायकांसाठी पालख्या आणि मेणे, सामानाला उंट आणि बैल, बाकी बहुतेकांचे पाय. मुक्कामाला पाणी हवं, जनावरांना चारा हवा, शेकडो माणसांना शिधा हवा. पावसात नद्या फुगल्या की थांबायचं. आणि हा ब्राह्मण पेशव्यांचा काफिला असल्याने सोवळंओवळं, स्नानसंध्या, सणवार हे सगळं वाटेतही चालू.

मुख्य प्रश्न वेगळाच होता. जायचं कुठे, हेच निघताना पक्कं नव्हतं. करारात काशी किंवा दुसरं तीर्थक्षेत्र एवढंच होतं. बाजीरावांना मथुरेची ओढ होती. पण मथुरा जाट आणि शिंद्यांच्या मुलखाला लागून होती, आणि पदच्युत पेशवा शिंद्यांच्या शेजारी बसलेला इंग्रजांना नको होता. काशीत देशभरचे लोक येत-जात, तिथे लक्ष ठेवणं अवघड. म्हणजे घरदार घेऊन निघालेल्या कुटुंबाला नवीन घर कुठे असेल हे चालता चालता कळत होतं, आणि ठरवणारे दुसरेच होते.

अखेर नाव पक्कं झालं, बिठूर. कानपूरपासून वीसेक किलोमीटरवर, गंगेच्या काठी. ब्रह्मावर्त म्हणून हे स्थान पवित्र मानलेलं, वाल्मीकींचा आश्रम इथे होता अशी श्रद्धा. त्यामुळे बाजीरावांची अट पूर्ण झाली. आणि कानपूरला इंग्रजांची मोठी लष्करी छावणी होती. त्यामुळे इंग्रजांचीही सोय झाली.

फेब्रुवारी १८१९ मध्ये काफिला बिठूरला पोचला.

गंगेकाठी छोटं पुणं

बाजीराव बिठूरला आले ते काही दिवस काढायला नाही, हे हळूहळू सगळ्यांना कळलं. वाडा उभा राहिला, घाट बांधले गेले, देवळं झाली. ठराविक तिथींना दानधर्म सुरू झाला. महाराष्ट्रातून भिक्षुक, शास्त्री, आश्रित, नातेवाईक येऊ लागले. काही वर्षांत हजारो मराठी माणसं तिथे जमली. बिठूरची जहागीर बाजीरावांना मिळाली आणि तिथल्या लोकांचे किरकोळ तंटे मिटवण्याची मोकळीकही. इंग्रजांचा एक कमिशनर मात्र कायम उशाशी बसलेला. पहिली काही वर्षं ते काम लो यांनीच केलं.

बाजीरावांनी बिठूरला आल्यावरही लग्नं केली. मुलगे झाले, पण जगले नाहीत. मुली राहिल्या. गादी उरली नव्हती, तरी पिंडदानाला आणि घराण्याच्या नावाला मुलगा हवा होता.

आणि इथे गोष्ट परत कोकणाकडे वळते.

त्याच वाटेने आलेली इतर कुटुंबं

कर्जतजवळच्या वेणगावात माधवराव नारायण भट नावाचे गृहस्थ राहत. पेशव्यांचे भाऊबंद. पेशवाई गेल्यावर अशा घरांची परिस्थिती ओढगस्तीची झाली. बिठूरला आपल्या माणसाचा आधार आहे म्हटल्यावर माधवराव आणि गंगाबाई मुलाबाळांना घेऊन कोकणातून गंगेकाठी गेले. त्यांच्या धोंडोपंत नावाच्या लहान मुलाला बाजीरावांनी जून १८२७ मध्ये दत्तक घेतलं. तोच नानासाहेब पेशवा.

नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचे पांडुरंगराव हे बाजीरावांच्या पदरी होते. तेही आपल्या कुटुंबासह बिठूरला गेले. त्यांचा रामचंद्र नावाचा मुलगा तेव्हा अगदी लहान होता. हाच पुढे तात्या टोपे म्हणून ओळखला गेला.

बाजीरावांचे भाऊ चिमाजीआप्पा काशीला स्थायिक झाले होते. त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते. मोरोपंतांची मुलगी मनकर्णिका काशीतच जन्मली. चिमाजीआप्पा वारल्यावर मोरोपंत मुलीला घेऊन बिठूरला बाजीरावांकडे आले. १८४२ मध्ये तिचं लग्न झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांशी झालं. नेवाळकरांचं मूळ गाव आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलं, लांजा तालुक्यातलं कोट. म्हणजे झाशीच्या राणीचं सासर मुळात रत्नागिरीचंच!

बघा, किती घरं एका वाटेवर आली. ही माणसं कुठल्या मोठ्या ध्येयासाठी उत्तरेला गेली नव्हती. धनी जिकडे, तिकडे आश्रित. नोकरी तिकडे, म्हणून बिऱ्हाड तिकडे. १८५७ च्या लढ्यातली ही मोठी नावं कानपूर आणि झाशीच्या परिसरात होती, त्याचं पहिलं कारण इतकं साधं होतं.

बाजीराव गेले आणि तनखा बंद

२८ जानेवारी १८५१ ला बाजीराव बिठूरला वारले. वय ७६. बिठूरला येऊन बत्तीस वर्षं झाली होती. अट त्यांनी पाळली. ना पुणं, ना सुवर्णदुर्ग, ना श्रीवर्धन, काहीच त्यांना पुन्हा दिसलं नाही.

१८३९ मध्येच त्यांनी मृत्युपत्र करून नानासाहेबांना वारस नेमलं होतं. आता नानासाहेबांनी विचारलं की कुटुंबासाठी ठरलेला तनखा पुढे चालू राहणार ना? शेकडो माणसं त्यावर जगत होती.

कंपनी सरकारचं म्हणणं होतं की तनखा बाजीरावांच्या हयातीपुरता होता. त्यांना एकूण अडीच कोटींहून जास्त रुपये मिळाले, त्यातून मागे भरपूर उरलं असणार. नानासाहेबांचं म्हणणं होतं की करारात कुटुंबाचा उल्लेख आहे, शिवाय संपूर्ण राज्याच्या बदल्यात दिलेला हा मोबदला आहे, मेहेरबानी नाही. लॉर्ड डलहौसी यांनी मागणी फेटाळली. नानासाहेबांनी अजीमुल्ला खान यांना लंडनला पाठवून दाद मागितली. तिथेही हात हलवत परत यावं लागलं.

खेरीच्या छावणीत अर्धवट राहिलेली ओळ ती हीच.

नानासाहेब १८५७ च्या उठावात केवळ तनख्यासाठी उतरले, असं म्हणणं बरोबर होणार नाही. त्यामागे कारणं बरीच होती. पण घराचा मान आणि पोट दोन्ही एकाच निर्णयाने गेलं, ही खदखद खरीच होती. जून १८५७ मध्ये कानपूरला उठाव झाला. सतीचौरा घाट आणि बीबीघर इथे इंग्रज बायकामुलांसह शेकडो लोक मारले गेले. जुलैत इंग्रजांनी कानपूर परत घेतलं आणि भयंकर सूड उगवला. बिठूरचा वाडा जाळून पाडला. डिसेंबरमध्ये वाड्याच्या विहिरीतून खजिना उपसला.

नानासाहेब आणि घरातल्या बायका नेपाळच्या तराईकडे गेल्या. कुटुंब पुन्हा रस्त्यावर आलं, आणि पुन्हा उत्तरेकडेच. या वेळी ना करार होता, ना तनखा, ना सोबतीला कुणी अधिकारी.

रत्नागिरीला हे ओळखीचं का वाटावं?

रत्नागिरीत राहणाऱ्याला ही गोष्ट ऐकून थिबा पॅलेस आठवल्याशिवाय राहत नाही. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला मंडालेहून उचललं. राजा, राणी आणि मुली यांना आधी मद्रासला ठेवलं आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. राजवाडा बांधून व्हायला १९१० उजाडलं. डिसेंबर १९१६ मध्ये थिबा इथेच वारला. त्यालाही मायदेश पुन्हा दिसला नाही.

पेशव्याला गंगेकाठी नेलं, ब्रह्मदेशच्या राजाला अरबी समुद्राकाठी आणलं. हिशेब एकच. राजाला मारलं तर तो हुतात्मा होतो. त्यापेक्षा त्याला त्याच्या माणसांपासून, भाषेपासून लांब नेऊन ठेवायचं. पोटापुरतं द्यायचं आणि लोक विसरतील याची वाट बघायची.

बाजीरावांच्या बाबतीत हा हिशेब चुकला, कारण त्यांची माणसं त्यांच्या मागोमाग तिथे गेली.

मग ते पळपुटे होते का?

पळाले, यात शंका नाही. हडपसरहून पळाले, खडकीनंतर पळाले, आष्टीला सेनापती लढत असताना पळाले. त्यांच्या राज्यात रयत नाडली गेली, विठोजीचा जीव सूडापोटी घेतला गेला. हे सगळं त्यांच्या खात्यावर राहणारच.

पण शिव्या घालताना एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. किल्ल्यात जन्मलेला, कैदेत वाढलेला हा माणूस आयुष्यभर जीव मुठीत धरून वावरला, आणि एकदाच, धोळकोटला, त्याने पळणं थांबवलं. त्याबदल्यात जे मागितलं ते राज्य नव्हतं. घरच्यांना आणि आश्रितांना जगण्यापुरता आधार मागितला. तो मिळवला, पण मुलांपर्यंत पोचेल इतका पक्का करून घेतला नाही.

आजही बिठूरला गेलात तर गंगेचे घाट आहेत, नानाराव पेशव्यांचं स्मारक आहे, आणि त्या काफिल्यासोबत आलेल्या काही मराठी घरांचे वंशज आहेत. पिढ्यान्पिढ्या हिंदीत वाढलेल्या या घरांत आडनावं मात्र अजून आपली आहेत.

पुढच्या वेळी हर्णैला मासळी घ्यायला गेलात की सुवर्णदुर्गाकडे एकदा या नजरेनेही बघा. कोकणात उगम पावलेल्या एका घराण्याचा शेवटचा पेशवा इथे आसरा शोधत आला होता. इथेही तो मिळाला नाही. तो मिळाला थेट गंगेकाठी, आणि तोही एका पिढीपुरताच.